रद्दीत जाणारा जिल्हा
नाशिकमधल्या पदवीच्या भूगोलाचा आढावा

नाशिक शहर एका नकाशात मावत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या जुन्या मालिकेत २० अंश उत्तर अक्षवृत्त ही पत्रकांमधली एक शीव आहे आणि ७३ अंश ४५ मिनिटं पूर्व रेखावृत्त ही दुसरी. या दोन्ही रेषा नाशिकच्या पश्चिम भागातच एकमेकींना छेदतात. म्हणून पंचवटी आणि म्हसरूळ ४६ एच/१६ या पत्रकावर सापडतात, नाशिकरोड आणि देवळाली ४७ ई/१३ वर, अंबड ४७ ई/९ वर आणि गंगापूर गाव ४६ एच/१२ वर. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘स्पेशल जॉग्रफी’ घेतलेल्या पोरानं आपलं शहर बघायचं ठरवलं, तर आधी चार पत्रकं टेबलावर मांडून त्यांच्या कडा जुळवाव्या लागतात. जुळवता जुळवता त्याला कळतं, की पाचवीपासून पाठ केलेल्या अक्षवृत्तांपैकी एक आपण रोज बसनं ओलांडतो.

असे क्षण पदवीच्या तीन वर्षांत किती येतात आणि आल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हा या लेखाचा प्रश्न. नाशिक जिल्ह्यातल्या कला शाखेच्या महाविद्यालयांत भूगोल हा नेहमीचा, भरवशाचा विषय आहे. वर्ग भरतात, जर्नलं लिहिली जातात, सहली निघतात, निकाल लागतात. तरीही जिल्ह्यातल्या पाण्याचं, पुराचं, पिकांचं भांडण पेटतं तेव्हा त्या चर्चेत अभियंता असतो, वकील असतो, पुढारी असतो. भूगोलाचा पदवीधर कुठे दिसत नाही.

यादीपासून पदवीपर्यंत

इथल्या मुलखाच्या भूगोलाची एक फार जुनी नोंद पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात दगडावर आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात, त्याची आजी गौतमी बलश्री हिनं हे लेणं भिक्षूंना दिलं आणि आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी कोरून घेतली. त्यात आधी प्रदेश येतात: असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरांत, विदर्भ. मग पर्वत: विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र. आपल्या शाळांतला भूगोलही बराच काळ याच चालीवर चालला, नावांच्या याद्या म्हणत. फरक इतकाच की बलश्रीच्या यादीला प्रयोजन होतं. कुठल्या डोंगरापर्यंत कुणाची सत्ता चालते, हे तिला सांगायचं होतं.

छापील मराठीत भूगोल आला तो इंग्रजी अमदानीच्या पहिल्याच पिढीत. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३०च्या दशकातच भूगोलविद्येवर पुस्तक लिहिलं. शाळेत विषय रुजला, पण विद्यापीठात त्याला पाट मिळायला वेळ लागला, आणि हे केवळ आपल्याकडेच झालं असं नाही. ऑक्सफर्डमध्ये भूगोलाचा स्वतंत्र विभाग १८९९ साली सुरू झाला. अमेरिकेतल्या हार्वर्डनं तर १९४८ साली आपला भूगोलाचा अभ्यासक्रमच गुंडाळला. भूविज्ञान दगडाचं बघतं, अर्थशास्त्र बाजाराचं, समाजशास्त्र माणसाचं. मग भूगोलाचं स्वतःचं काय, हा टोमणा या विषयानं जगभर ऐकला आहे. या सगळ्या गोष्टी एका जागी एकत्र आल्या की काय घडतं ते बघणं, हे त्याचं उत्तर. उत्तर बरोबर आहे, पण ते सिद्ध करायला ती जागा पायांखालून जावी लागते.

महाराष्ट्रात ही वाट मळून देणाऱ्यांत चं. धुं. देशपांडे यांचं नाव आधी घ्यावं लागतं. राज्याच्या भूगोलावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं १९७१ साली काढलं. पुणे विद्यापीठात के. आर. दीक्षित यांनी संशोधकांची पिढी घडवली; त्यांचा ‘महाराष्ट्र इन मॅप्स’ हा नकाशासंग्रह १९८६चा. देशपांड्यांच्या स्मरणार्थ राज्यातली महाविद्यालयं १४ जानेवारीला भूगोल दिन पाळतात. त्या दिवशी तिळगूळ वाटताना हुशार शिक्षक एक खोडीही काढतात: संक्रांतीला उत्तरायण लागतं असं आपण म्हणतो खरं, पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे शतकानुशतकं सण आणि सूर्य यांच्यातलं अंतर वाढत गेलं. एका गुळाच्या वडीत परांचन गती शिकवून होते.

नाशकात उच्च शिक्षणाची सोय गोखले एज्युकेशन सोसायटीनं १९२४ साली केली, तेच आजचं एचपीटी-आरवायके महाविद्यालय. तेव्हा विद्यापीठ मुंबईचं होतं. १९४९ला पुणे विद्यापीठ झालं आणि नाशिक तिकडे जोडलं गेलं. १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजानं १९६९ला गंगापूर रोडवर केटीएचएम महाविद्यालय सुरू केलं. भाऊसाहेब हिऱ्यांच्या महात्मा गांधी विद्यामंदिरानं मालेगाव, पंचवटीकडे महाविद्यालयं काढली. या दोन संस्थांमुळे निफाड, सटाणा, कळवण, सुरगाण्याच्या मुलांना तालुक्यातच पदवी घेता येऊ लागली. १९९०ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघालं तेव्हा धुळे-जळगाव तिकडे गेले, नाशिक मात्र पुण्याकडेच राहिलं. त्यामुळे घरी अहिराणी बोलणारी बागलाणची मुलगी पुण्याच्या अभ्यासक्रमातला महाराष्ट्राचा भूगोल शिकते, आणि जिल्ह्याच्या हद्दीपलीकडची तिची मावसबहीण जळगावचा. प्रदेशाची हद्द आणि कारभाराची हद्द वेगळी असते, याचं उदाहरण द्यायला पुस्तक उघडायची गरज नाही.

कोण घेतं आणि का

पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन ‘भूगोल का घेतला?’ असं विचारलं, तर तीन उत्तरं ठरलेली असतात. एक, एमपीएससीला उपयोगी पडतो. दोन, प्रॅक्टिकल असल्यानं मार्क पडतात. तीन, मैत्रिणीनं घेतला म्हणून. ‘डोंगर आवडतात’ असं सांगणारा एखादा असतो. तो बहुधा शनिवार-रविवार गडांवर असतो.

ही कारणं हलकी मानायचं कारण नाही. जिल्ह्यातल्या कला शाखेचा मोठा भाग शेतकरी, शेतमजूर आणि आदिवासी घरांतून येतो. घरातलं पहिलंच माणूस कॉलेजात आलेलं असतं. त्यानं विषय निवडताना नोकरी बघायची नाही, तर कुणी बघायची? अडचण पुढे येते. स्पर्धा परीक्षेच्या चष्म्यातून पाहिलं की भूगोल पुन्हा यादी होतो: सर्वांत लांब नदी, सर्वांत उंच शिखर, कुठल्या जिल्ह्यात कुठलं खनिज. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर, गोदावरीची लांबी १४६५ किलोमीटर. आकडे पाठ होतात. साल्हेरच्या पायथ्याचं गाव रोजगारासाठी स्थलांतर का करतं, हे विचारायचं राहून जातं.

यात एका गमतीदार अपघाताची भर पडली. मार्च २०२०मध्ये दहावीच्या परीक्षेतला शेवटचा पेपर भूगोलाचा होता. टाळेबंदी आली, पेपर आधी पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला आणि सरासरीनं गुण दिले गेले. त्या वर्षीची राज्यभरातली मुलं भूगोलाचा पेपर न देताच दहावी झाली. एका साथीनं जगाचा नकाशा सगळ्यांच्या तोंडी आणला होता, नेमका त्याच वेळी हा पेपर गेला.

तीन वर्षांचा हिशेब

पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या आराखड्यात कला शाखेचा विद्यार्थी पहिल्या वर्षी प्राकृतिक आणि मानवी भूगोल शिकायचा. दुसऱ्या वर्षी ‘स्पेशल’ घेतलं की पर्यावरण भूगोल, महाराष्ट्राचा भूगोल आणि प्रात्यक्षिक. तिसऱ्या वर्षी आपत्ती व्यवस्थापन, भारताचा भूगोल आणि पुन्हा प्रात्यक्षिक. आखणीत चूक काढण्यासारखं फारसं नाही. दुखणं आहे ते सगळं प्रात्यक्षिकाच्या खोलीत.

या खोलीला स्वतःचा एक वास असतो: ट्रेसिंग पेपरचा, रॉटरिंगच्या शाईचा आणि कपाटातल्या लाकडी पेट्यांचा. पेट्यांत प्रिझमॅटिक कंपास, प्लेन टेबल, साखळी, डंपी लेव्हल. मुलं मैदानावर कंपास घेऊन पाच बिंदूंचा बंद बहुभुज मोजतात. खऱ्या मोजणीत तो कधीच नीट बंद होत नाही. शेवटची रेघ सुरुवातीच्या बिंदूपासून दोन-चार मिलिमीटर दूर राहते. ती चूक सगळ्या बाजूंवर वाटून कशी द्यायची, हा धड्याचा गाभा. पण जर्नलात मात्र बहुतेकांचा बहुभुज चोख बंद झालेला असतो, कारण तो आदल्या रात्री खोलीवर बसून जुळवलेला असतो. चूक लपवायची ही सवय मैदानात मोजायला शिकवण्याच्या आधीच लागते.

प्रक्षेपणं, क्षेत्रघनी नकाशे, टिंब पद्धत, सममूल्य रेषा, पवनारेख हे सगळं हातानं काढावं लागतं. आता संगणक असताना हे कशाला, असं मुलं विचारतात. समोच्च रेषांवरून एकदा तरी स्वतःच्या हातानं उताराचा छेद काढला असला, की पुढे पडद्यावरचा रंगीत उतार खोटा असेल तर डोळ्याला खुपतो. त्यासाठी एवढं रेखाटन हवंच. त्याच्या पलीकडे नुसती वही भरण्यासाठी होणारं रेखाटन कमी केलं, तरी कुणाचं बिघडणार नाही.

सर्वांत मोलाचा भाग दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात शेवटी यायचा: अभ्यास सहल किंवा ग्रामसर्वेक्षण किंवा प्रकल्प अहवाल. मधल्या दोन ‘किंवा’कडे लक्ष द्यावं. बस ठरवायला पैसे लागतात, पालकांची परवानगी लागते, मुलींच्या मुक्कामाची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तासाप्रमाणे पैसे मिळतात. डोंगरात काढलेला दिवस किती तासांचा धरायचा, ते कुणी सांगत नाही. अशा वेळी ‘किंवा’ कामाला यायचा. सहल व्हायची ती पर्यटनस्थळाची, अहवाल व्हायचा तो मागच्या वर्षीच्या अहवालावरून. यात दोष एका शिक्षकाचा किंवा एका विद्यार्थ्याचा नाही. व्यवस्थेनंच क्षेत्रकार्याला पर्यायी ठरवलं होतं.

दाराबाहेरचं

हे सगळं जिथे घडतं तो जिल्हा भूगोलाच्या दृष्टीनं देशातल्या श्रीमंत जिल्ह्यांपैकी आहे. पंधरा तालुके, साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. सह्याद्रीच्या धारेवर उभं राहिलं की पाणी फुटताना दिसतं. ब्रह्मगिरीवरची गोदावरी बंगालच्या उपसागराकडे निघते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतली वैतरणा अरबी समुद्राकडे जाते आणि वाटेत मुंबईची तहान भागवते. पेठ-सुरगाण्याकडच्या दमणगंगा, नार आणि पार गुजरातकडे उतरतात. गिरणा कळवण-मालेगाववरून खानदेशात जाऊन तापीला मिळते. एकाच जिल्ह्यातल्या पावसाचे थेंब तीन दिशांना पांगतात. जलविभाजक ही संज्ञा शिकायला नाशिकच्या मुलानं पुस्तकातली आकृती बघावी, ही कोकणातल्या मुलानं चित्रातला समुद्र बघावा तशी गोष्ट झाली.

पावसाचंही तसंच. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या येवल्यात पाच-सहाशे. एका दिवसाच्या बसप्रवासात भात-नागलीची खाचरं मागे पडतात, मग द्राक्षाचे मांडव येतात, मग कांद्याच्या चाळी, मग बाजरीचे माळ. छपरांचे उतार बदलतात, विहिरींची खोली बदलते. पर्जन्यछाया म्हणजे काय याचं इतकं आखीव उदाहरण फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल.

या उतारावरच राज्यातलं एक मोठं भांडण उभं आहे. वरच्या अंगाला गंगापूर, दारणा, मुकणे ही धरणं; खालच्या अंगाला पैठणचं जायकवाडी. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप मानलं. मेंढेगिरी समितीनं २०१३ साली त्याचं सूत्र मांडलं. २०१४ला प्राधिकरणानं आदेश काढला, त्यात १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायची अट आली. २०१६ला उच्च न्यायालयानं कायद्यातलं तत्त्व उचलून धरलं. तेव्हापासून पावसानं ओढ दिलेल्या दरेक वर्षी नाशिकमध्ये ‘आमचं पाणी’ आणि मराठवाड्यात ‘आमच्या हक्काचं पाणी’ अशी आंदोलनं होतात. खोऱ्याची हद्द, नदीपात्रात वाटेत मुरणारं पाणी, उसाखालचं आणि द्राक्षाखालचं क्षेत्र, शहराची वाढ, हे सगळे भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातले विषय आहेत. तरी परीक्षेत प्रश्न येतो तो ‘जलव्यवस्थापनाचे महत्त्व सांगा’ असा, सात गुणांसाठी.

पुराचंही बघा. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे नाशिककरांचं पूरमापक आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं, यावरून शहराला पुराची पातळी समजते. धरणातून किती क्युसेकचा विसर्ग सोडला हे त्यानंतर. १९६९, २००८, २०१६, २०१९ या पुरांच्या आठवणी अशाच मारुतीच्या अंगावर मोजून सांगितल्या जातात. २००८च्या पुरानंतर शहरात पूररेषा आखल्या गेल्या: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. या रेषांनी घरांच्या किमती बदलल्या, बांधकामं अडली, वाद झाले. मारुतीच्या कमरेची उंची समुद्रसपाटीपासून किती, ती किती क्युसेकला बुडते आणि निळ्या रेषेपासून किती खाली आहे, एवढं डंपी लेव्हल घेऊन एका सत्रात मोजता येतं. लोकांची खूण आणि अभियंत्यांची रेषा एका कागदावर आणायचं काम भूगोलवाल्यांचंच.

आणखी विषय पायाशी पडलेले आहेत. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत होती: नदीवर बंधारा, पाटानं भिजणारं थळ, थळाचे फड, दर वर्षी फडांत पिकांची पाळी आणि पाणी सोडायला गावानं नेमलेले पाटकरी. शेकडो वर्षं गावानं गावासाठी चालवलेली ही सिंचनव्यवस्था कुठे टिकली, कुठे मोटारपंपांनी मोडली, हे गावोगाव जाऊन नोंदवायला हवं. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शतकभरापूर्वीच्या बंधाऱ्यात गाळ साठत गेला आणि नांदूरमधमेश्वरचं पाणथळ झालं. जानेवारी २०२०मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. धरणाचं अपयश हे पक्ष्यांचं यश कसं झालं, हा एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा उत्तम विषय. त्याच निफाडची थंडी दर हिवाळ्यात बातम्यांत येते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. शेजारच्या लासलगावचा कांद्याचा भाव दिल्लीतल्या सरकारला घाम फोडतो. आणि ‘कसमादे’! कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार तालुक्यांच्या आद्याक्षरांतून लोकांनी तयार केलेला हा प्रदेश कुठल्याच सरकारी नकाशावर नाही, पण राजकारणात, बाजारात आणि सोयरिकीत तो पक्का आहे. लोकांच्या मनातल्या प्रदेशावर पाश्चात्त्य भूगोलज्ञांनी ग्रंथ लिहिले. इथे तो बसस्टँडवर ऐकू येतो.

पडद्यावरचा नकाशा

गेल्या पंधरा-वीस वर्षांत विषयाची हत्यारं बदलली. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं सर्वसामान्यांसाठी वेगळी पत्रकं आली. २००८पासून अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं फुकट मिळू लागली, २००९ला इस्रोचं ‘भुवन’ आलं, २०१५पासून युरोपच्या सेंटिनेल-२ची दहा मीटर बारकाव्याची चित्रं. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशे करण्यावरची बहुतेक बंधनं उठवली. क्यूजीआयएस ही फुकट प्रणाली साध्या लॅपटॉपवरही चालते. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्ग देशभरातली मुलं करतात.

म्हणजे आता अडचण पैशांची उरलेली नाही, निदान पूर्वीइतकी नाही. १९९०चं आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवून दिंडोरीत द्राक्षाचं क्षेत्र कसं पसरलं, सिन्नरजवळ समृद्धी महामार्गानं काय बदललं, सातपूर-अंबडची शेती कधी संपली, हे तिसऱ्या वर्षाची मुलगी आठवड्यात दाखवू शकते. ते दाखवायला संगणकखोलीत वीज, बसायला यंत्र आणि शिकवायला तयार शिक्षक हवा. तिन्ही एकाच वेळी असतील तिथे उत्तम कामं होतात. नसतील तिथे ‘जीआयएस’ हा पाच गुणांचा टिपेचा प्रश्न राहतो: व्याख्या, घटक, उपयोग.

नव्या हत्यारात एक जुना धोका आहे. पडद्यावरची हिरवी चौकट द्राक्षाची आहे की उसाची, हे बांधावर जाऊन बघावं लागतं. ज्यानं बांध पाहिलेला नाही, त्याच्या हातातला रंगीत नकाशा फार आत्मविश्वासानं चुकतो.

भाषेचा घोळ

जिल्ह्यातली बहुतेक मुलं मराठीत शिकतात आणि मराठीत लिहितात. पाठ्यपुस्तकांतली मराठी मात्र त्यांची नसते. विदारण, क्षरण, निक्षेपण, सुदूर संवेदन या संज्ञा हव्यातच. त्यांच्याशिवाय शास्त्र बोलता येत नाही. पण त्याच मुलाच्या घरी जमिनीला काळी, मुरमाड, बरड, चोपण असे शब्द आहेत. डोंगराला सोंड, धार, खिंड, कडा, माची आहेत. पेठ-सुरगाण्याकडे राब भाजण्यापासून नागली लावण्यापर्यंतच्या प्रत्येक कामाला नाव आहे. हे शब्द उत्तरपत्रिकेत आले, तर ग्रामीण म्हणून कापले जातात. ‘क्षारयुक्त अल्कधर्मी मृदा’ पाठ करणाऱ्या मुलीला ती आपल्या मामाची चोपण जमीनच आहे हे कुणी सांगितलं नाही, तर दोन्ही ज्ञानं तिच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. इंग्रजीचा प्रश्न त्याच्यापुढचा. एम.ए.ला, नेटला आणि जीआयएसच्या नोकरीत इंग्रजी येतंच. ज्याला मराठीत विषय समजला त्याला इंग्रजी शब्द सहा महिन्यांत येतात. ज्यानं मराठी संज्ञा नुसत्या घोकल्या, त्याला दोन्हींकडे घोकावंच लागतं.

पदवीनंतर

सर्वांत रुळलेली वाट शिक्षकाची: बी.एड. करून शाळा, किंवा एम.ए. आणि सेट-नेट करून महाविद्यालय. भरती रखडल्यामुळे ही वाट अरुंद झाली आहे. दुसरी स्पर्धा परीक्षांची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनात भूगोलाला वजन आहे आणि वैकल्पिक विषय म्हणूनही तो अनेकजण घेतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्यानं पदवीला लिहायची सवय लावलेल्यांना फायदा आहे. तिसरी वाट नवी आहे: जीआयएस कंपन्या, नगररचना, जमिनीचं ड्रोन सर्वेक्षण, विमा, शेतीविषयक सल्लासेवा. इथे पदवीपेक्षा हातातलं काम बघतात.

एक विसंगती मात्र बोचते. भूमी अभिलेख विभागातल्या भूकरमापक पदासाठी अलीकडच्या भरतीत पात्रता होती ती स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेची किंवा आयटीआयच्या सर्वेक्षक अभ्यासक्रमाची. तीन वर्षं नकाशा, प्रमाण आणि मोजणी शिकलेला भूगोलाचा पदवीधर त्यात बसत नाही. यावर शासनाशी भांडायला हवंच, पण आधी आपल्याला विचारायला हवं, की घरी बसून बंद केलेला बहुभुज घेऊन आपण कुणाच्या बांधाची मोजणी करणार होतो?

नवं धोरण, जुनी मोकळी जागा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून लागू झाला. श्रेयांक, मुख्य आणि गौण विषय, खुले वैकल्पिक, चौथ्या वर्षाचा पर्याय, असा मोठा संसार आला आहे. विषयांची तुकडेजोड वाढल्यानं शिक्षक वैतागले आहेत, आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. पण या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. जिथे ‘किंवा’ होता तिथे आता सक्ती आहे. इतर विषयांना क्षेत्र शोधावं लागेल. भूगोलाला ते शोधायचं नाही. ही जागा तो कशी वापरतो, यावर पुढची वीस वर्षं ठरतील. प्रमाणपत्रावर शिक्का मारून घ्यायला जवळच्या ग्रामपंचायतीत एक फोटो काढला, तर नवा आराखडाही जुन्यासारखाच वाया जाईल.

यासाठी फार मोठं काही लागत नाही. महाविद्यालयानं वीस किलोमीटरच्या आतलं एक गाव, एक ओढा, दहा विहिरी निवडाव्यात. दर वर्षी त्याच विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजावी, त्याच शिवाराचा पीकनकाशा करावा, त्याच घरांना भेट द्यावी. पहिल्या वर्षी त्यातून काहीच दिसणार नाही. पाचव्या वर्षी कल दिसू लागेल. दहाव्या वर्षी ती वही घेऊन पाणीवाटपाच्या बैठकीत उभं राहता येईल.

सध्या काय होतं, ते कुठल्याही महाविद्यालयाच्या भूगोल विभागात मे महिन्यात बघावं. परीक्षा संपते, बाह्य परीक्षक सही करून जातात. कपाटात जागा हवी म्हणून जुनी जर्नलं बाहेर निघतात: तपकिरी कागदाची कव्हरं, आत ग्रामसर्वेक्षणाचे तक्ते, कुणीतरी खरोखरच उन्हात जाऊन विचारलेल्या घरांची संख्या, जनावरांची संख्या, विहिरीची खोली. बऱ्याच नोंदी बनावट असतील. काही खऱ्या असतात, आणि त्या ओळखू येतात. खऱ्या बहुभुजात शेवटची रेघ थोडी चुकलेली असते. जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांची, पन्नास वर्षांची ही जर्नलं राखली असती, तर कुठल्या सरकारी खात्याकडे नाही असा नाशिकचा दस्तऐवज आज हाती असता. बलश्रीला आपल्या डोंगरांची यादी टिकावी असं वाटलं, म्हणून तिनं ती दगडावर कोरून घेतली. आपण आपली किलोवर विकतो.